सुटं कोणी नाही

१

आमच्या बटणांच्या कारखान्यात दहा हा आकडा कोणाच्याच उपयोगाचा नाही. साचा एका दाबाला बारा बटणं टाकतो. कार्डावर बारा बटणं टाचायची. बारा कार्डांचा एक ग्रोस, तो खोक्यात. डझनात न बसणारी बटणं सुट्यांच्या डब्यात टाकायची, आणि त्या डब्याचं पुढे काय होतं ते कोणी विचारत नाही.

मोजायचं बोटांच्या पेरांवर. माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, मला पहिल्याच दिवशी शिकवलं. उजव्या हाताची तर्जनी घ्यायची, तिच्या खालच्या पेरावर अंगठा टेकवायचा, म्हणजे एक. मग वर चढायचं, दोन, तीन. पुढे मधलं बोट, मग अनामिका, मग करंगळी. करंगळीचं टोक आलं की डझन भरला. तेव्हा डाव्या हाताचा अंगठा एक पेर पुढे.

"ताई, ही तर द्वादशमान पद्धत!" मी म्हणाले. "आम्हाला कॉलेजात होती, दुसऱ्या वर्षाला."

"असेल हो. आता तोंड बंद आणि अंगठा चालू."

त्या दिवसापासून सगळ्या मला 'कॉलेज' म्हणू लागल्या. गणितात पदवी घेऊन मी बटणं टाचत होते, तेव्हा चिडायला जागा नव्हती. शिवाय मी मुळातच घाबरट. माझ्या पाठीमागे कोणी चमचा पाडू नये, असा आमच्या घरात बाबांचा नियमच आहे.

हॉलमध्ये चार टेबलं, दर टेबलाला बारा स्टुलं. दाराजवळच्या भिंतीवर खुंट्यांच्या चार पट्ट्या, एकेकीवर बारा ॲप्रन. मी तिसऱ्या टेबलाच्या मध्यावर बसायचे, ताई चौथ्यावर, अगदी माझ्या समोर. दुपार कलली, माना आखडल्या, की ताई मालकांचा आवाज काढायची, "एवढी बटणं लावता बायांनो, मग माझ्याच शर्टाचं का नाही लावत?" आणि तिच्या डावीकडून उत्तर यायचं, "आधी पोट आत घ्या, मग लावतो!" रोज तेच, आणि रोज सगळं टेबल हसून लोळायचं.

ते उत्तर कोण द्यायचं, हे मला आता सांगता येत नाही. आवाज घोगरा होता, एवढं आठवतं. निदान तसं वाटतं तरी.

२

पूर्वी कधीतरी एक बाई रात्रभर हॉलमध्ये कोंडली गेली होती म्हणे. तेव्हापासून शटर ओढण्याआधी माणसं मोजायची पद्धत पडली. दर आठवड्याला एकीची पाळी. ती शटरपाशी उभी राहणार, बाकीच्या रांगेने तिच्यासमोर येणार. पहिलं पेर स्वतःचं. नवीन मुली नेमकं तेच विसरतात, स्वतःला धरतच नाहीत. मोजून झालं की ओरडायचं, "चार डझन, सुटं कोणी नाही!" मग आमच्या सुपरवायझर बाई गळ्यातली शिट्टी फुंकणार आणि शटर खाली येणार. त्या शिट्टीवरून त्यांना सगळ्या शिट्टीबाई म्हणायच्या, अर्थात पाठीमागे.

माझी पाळी आली. मी स्वतःपासून सुरुवात केली. रांग संपली तेव्हा अंगठा करंगळीच्या मधल्या पेरावर होता. अकरा.

"एक मिनिट हं," मी म्हणाले आणि पुन्हा मोजलं. पुन्हा अकरा.

"कॉलेज, स्वतःला धरलंस का?" माझ्या शेजारची टाचणी म्हणाली. अंगाने तशीच होती, म्हणून टाचणी.

"धरलं."

"मग ओरड की. घरी पोरगा वाट बघतोय माझा."

मी शिट्टीबाईंकडे पाहिलं. "बाई, तीन डझन आणि अकराच भरतात."

"मग? रोज तेवढ्याच असता." त्यांनी शिट्टी फुंकलीसुद्धा.

वाटेत मी ताईला विचारलं, आपण चार डझन ना? ताई म्हणाली, "कोण म्हणालं? सत्तेचाळीस. पहिल्यापासून." मी म्हटलं, कालच तर तू रांगेत शेजारी होतीस, कालच तर 'सुटं कोणी नाही' असं ओरडलं गेलं. ती थांबली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी मी खुंट्या पाहिल्या. चौथ्या पट्टीवरची शेवटची खुंटी रिकामी होती. कधीच वापरली नसती तर तिच्यावर धूळ हवी, निदान रंग तरी शाबूत हवा. ती रोजच्या वापराने घासून गुळगुळीत झाली होती. चौथ्या टेबलाच्या टोकाच्या स्टुलावर सुट्यांचा डबा ठेवला होता, आणि तिथे टेबलाच्या कडेला एक चष्मा होता. तो कोणाचा, असं मी विचारलं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग कोणीतरी तो उचलून डब्यात टाकला.

चूक माझीच असणार, असं मी ठरवलं. मला चूक आपलीच असली की बरं वाटतं, प्रश्न मिटतो. पण एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. आदल्या संध्याकाळी मोजून मी हात खाली केला, तरी मागे, हॉलच्या आतल्या बाजूला, एक बारीकसा आवाज चालूच होता. घामट अंगठा पेरावरून सुटताना होतो तसा. चट्. थांबून पुन्हा चट्.

३

मग सात आले. तीन डझन, सुट्या सात. म्हणजे त्रेचाळीस.

मी ओरडले तसं, आणि कोणी चमकलं नाही. चौथ्या टेबलावर सातजणी होत्या आणि पाच स्टुलं रिकामी. त्या चौघी कोण, हे मी आठवून पाहिलं. एकही चेहरा नाही, नाव नाही, साडीचा रंगसुद्धा नाही. दात पडल्यावर जीभ जशी रिकाम्या जागी जाते, तसं मन तिथे जाऊन परत येत होतं. माझ्याजवळ फक्त आकडा उरला होता. मला लहानपणापासून आकडे तेवढे आठवतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईने मालकांचा आवाज काढला. "एवढी बटणं लावता बायांनो, मग माझ्याच शर्टाचं का नाही लावत?" आणि ती थांबली. डावीकडे मान वळवून, ओठांवर अर्धं हसू ठेवून, वाट बघत राहिली. डावीकडचं स्टूल रिकामं होतं. थोड्या वेळाने हसू आपोआप पुसलं गेलं आणि ताईने खाली मान घालून पुढचं कार्ड घेतलं.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. तिथे, नळ चालू असताना, नकळत माझा अंगठा बोटांवरून फिरला आणि मला ते दिसलं.

अकरा आणि सात. सत्तेचाळीस आणि त्रेचाळीस. दोन्ही मूळ संख्या. ज्यांची सारखी वाटणी होत नाही अशा. कशाही रांगा लावा, दोनदोनच्या, तीनतीनच्या, सातसातच्या, कोणीतरी उरणारच. आणि तीनच्या पुढची कुठलीही मूळ संख्या डझनांत मांडली की अंगठ्याला थांबायला चारच जागा राहतात. एक, पाच, सात, अकरा. बाकीच्या पेरांना दोनाने नाहीतर तीनाने भाग जातो. तर्जनीचं खालचं पेर, मधल्या बोटाचं मधलं, अनामिकेचं खालचं, करंगळीचं मधलं. दर बोटावर एक जागा, एकच. परीक्षेसाठी पाठ करताना मला हे फार गोड वाटलं होतं. अशा संख्येला तिनेच गुणलं तर सुटा नेहमी एकच उरतो, हेही. पाच पंचे पंचवीस, म्हणजे दोन डझन आणि एक. सात सत्ते एकोणपन्नास, चार डझन आणि एक. कितीही मोठी घ्या, शेवटी एक.

आरशात माझा अंगठा अनामिकेच्या खालच्या पेरावर थांबलेला होता. पुढची जागा कुठली, ते मला पाठ होतं.

४

मी डोकं चालवलं. त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

मी आजारी असल्याचं सांगून घरी राहायचं ठरवलं. मी गेले नाही तर हॉलमध्ये बेचाळीस. बेचाळीस म्हणजे सरळ संख्या. सहा रांगा लावा, सात लावा, कोणी उरत नाही. जे काही चाललं होतं त्याला बेचाळीस मानवणार नव्हते, आणि मला वाटलं, न मानवणारं समोर ठेवलं की ते निघून जाईल. गणितात असं होतं. अट मोडली की सिद्धता कोसळते.

संध्याकाळी ताई आली. चप्पल काढते न काढते तोच मी विचारलं, "आज किती?"

"तीन डझन, सुट्या पाच. तुझा ताप कसा आहे?"

एक्केचाळीस. मी एक काढली, म्हणून त्याने आणखी एक काढली.

दुसऱ्या दिवशी मी धावत कामावर गेले. एक्केचाळीस आणि मी, बेचाळीस व्हायला हवे होते. मोजणारीचं पेर मधल्या बोटाच्या मध्यावरच थांबलं. "तीन डझन, सुट्या पाच!" मी एक घातली, तरी त्याने एक काढली. चौथ्या टेबलावर आता पाचजणी होत्या, त्यात ताई. मी काही केलं तरी एक, आणि काही न करताही.

जेवताना मी ताईला सगळं सांगितलं, जेवढं शब्दांत मांडता आलं तेवढं. आई वाढता वाढता थांबली. बाबा म्हणाले, "हिला परीक्षेच्या आधी असंच व्हायचं. आठवतं? खिडकीवर पाल बघून पेपर बुडवणार होती."

"बाबा, पाल होती ती. खरी होती."

"पाल खरी होती गं. ती तुला गणित विचारणार नव्हती."

सगळे हसले. ताई हसली नाही. भांडी घासताना तिने हळूच विचारलं, "सुट्या म्हणजे आमचंच टेबल ना?"

"हो."

"डावीकडून गार लागतं हल्ली," ती म्हणाली. "उगाच. दार उघडं राहिल्यासारखं."

५

मग एके सकाळी चौथ्या टेबलावर ताई एकटी होती.

बारा स्टुलांचं लांबलचक टेबल आणि त्याच्या मध्याला माझी बहीण, समोर बटणांचा ढीग. पहिली तीन टेबलं भरलेली, गप्पा चाललेल्या. सदतीस. तीन डझन, सुटी एक. शिट्टीबाई तिच्या पाठीमागून गेल्या आणि म्हणाल्या, "बरं आहे बाई तुझं, ऐसपैस जागा." चौथ्या पट्टीवरच्या अकरा रिकाम्या खुंट्या घासून चकचकीत झालेल्या, आणि एकीवर ताईचा ॲप्रन.

ताईला ठेवून खाली सरकता येईल अशी एकही मूळ संख्या आता उरली नव्हती. सदतिसाच्या खाली एकतीस, म्हणजे सहाजणी जाणार, आणि त्यांत पहिली ताई.

"ताई, उद्यापासून येऊ नकोस," मी म्हणाले. "पाया पडते."

"आणि कारण काय सांगू? बहिणीला एकतीस आकड्याची भीती वाटते?"

"काहीही सांग."

"मी नाही आले तर?" तिने शांतपणे विचारलं. "तुझ्याच हिशोबाने सांग. छत्तीस उरतील. मग?"

मी मनातल्या मनात वजाबाकी केली. मग पाचजणी जातील. टाचणी, शिट्टीबाई, कोणीही. कदाचित मी. आणि उरलेल्यांना ते कळणारही नाही. मला तरीही ते चालणार होतं, आणि ताईला ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"वेडी आहेस," ती म्हणाली. "मला नाही काही होत. आणि झालंच तर तुला आठवणार तरी कुठे आहे?"

तिने विनोद केला होता. मी तिचा पदर घट्ट धरला, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसा, आणि तिने तो सोडवून घेतला नाही.

६

माझी पाळी पुन्हा आली, आणि त्याच दिवशी टाचणी आली नाही. खरीखुरी गैरहजर होती. मुलाला ताप आलाय असा तिने निरोप पाठवला होता, शिट्टीबाईंना तिचं नाव ठाऊक होतं, सगळ्या तिच्याबद्दल बोलत होत्या. मी दिवसभर माझ्या शेजारचं तिचं स्टूल पाहत राहिले आणि पुन्हा पुन्हा तेच मोजत राहिले. सदतिसातून एक. छत्तीस. छत्तिसाला कशानेही भाग जातो. दोन, तीन, चार, सहा, नऊ. इतकी वाटून टाकण्याजोगी संख्या दुसरी नसेल.

संध्याकाळी मी शटरपाशी उभी राहिले. शटर अर्धं खाली होतं. हॉलमधले मागचे दिवे बंद केले होते, पण बाहेर अजून ऊन होतं आणि त्याची एक पट्टी टेबलांच्या पायांपर्यंत पोचत होती. पहिलं पेर मी स्वतःचं दाबलं. रांग पुढे सरकू लागली. एकेक चेहरा, एकेक पेर. पहिला डझन. दुसरा. तिसऱ्यात माझा हात इतका घामेजला की अंगठा घसरायला लागला. सगळ्यांच्या शेवटी ताई होती. तिच्यावर अंगठा करंगळीच्या टोकाला गेला. तीन डझन पुरे.

मी तोंड उघडलं आणि तो आवाज ऐकला. चट्.

"बोल गं," शिट्टीबाई म्हणाल्या. शिट्टी त्यांच्या ओठांत होती.

चट्. थांबून, चट्.

मी ताईच्या खांद्यावरून आत पाहिलं. चौथ्या टेबलाच्या टोकाच्या स्टुलावर, जिथे सुट्यांचा डबा असायचा, कोणीतरी बसलं होतं. आमच्याकडे पाठ. आमच्यासारखाच ॲप्रन, मागे गाठ मारलेला. डोकं अंधारात होतं आणि मी तिकडे पाहिलं नाही. एक हात बाजूला लोंबत होता, तेवढाच उन्हाच्या पट्टीत. त्याचा अंगठा बोटांवरून चालत होता. तर्जनीचं खालचं पेर. मधल्या बोटाचं मधलं. अनामिकेचं खालचं. करंगळीचं मधलं. आणि परत. बाकीच्या पेरांना तो शिवतच नव्हता. ती पेरं होती की नाही, कोण जाणे.

ती आम्हाला मोजत होती. रोज, माझ्याबरोबर. छत्तीस भरत होते आणि ते तिला बसत नव्हते. अंगठा पुन्हा पुन्हा जागा शोधत होता, आणि ताई माझ्यापासून एका हातावर उभी होती, कपाळावरचा घाम पुसत.

तेव्हा माझ्या मनात आलं, नवीन मुली नेमकं तेच विसरतात. तिने स्वतःला धरलं नव्हतं.

"तीन डझन," मी ओरडले. आवाज फाटला. मी तिलाही धरलं. "तीन डझन, सुटी एक!"

तो अंगठा तर्जनीच्या खालच्या पेरावर थांबला. आवाज बंद झाला.

शिट्टी वाजली. बाया शटरखालून वाकून बाहेर पडू लागल्या. ताई माझ्याबरोबर बाहेर पडली. तिचं मनगट मी धरलं होतं, ते गरम होतं, तिचंच होतं. आत एक स्टूल मागे सरकल्याचा आवाज आला. शिट्टीबाई शटर धरून उभ्या राहिल्या, आतल्या बाजूला बघत, उशीर झाल्यासारख्या. "चल गं बाई लवकर," त्या कोणाला तरी म्हणाल्या.

मी मागे वळून पाहिलं नाही. घरापर्यंत आमच्या दोघींच्या पायांचा आवाज मी ऐकत आले आणि मोजला नाही.

७

घरी आम्ही चौघं. बाबा, आई, ताई, मी. हे मी इथे लिहून ठेवते.

आईने टेबलावर ताटं मांडली. पाच.

"आई, पाच कशाला?"

"मग किती?" तिने वर न बघताच विचारलं. "जा, पाणी भर. पेलेही पाचच घे, नाहीतर मागच्यासारखी एक विसरशील."

मी पाच पेले भरले. माझा अंगठा मधल्या बोटाच्या मध्यावर जाऊन बसला, अगदी त्याच्या घरी गेल्यासारखा. मी त्या वेळी सगळं समजून घेतलं, म्हणजे जेवढं समजण्यासारखं होतं तेवढं. ती आहे तोवर आम्ही पाच. पाचाची वाटणी होत नाही. ती उठून गेली तर चार राहतील, आणि चार तिला चालायचे नाहीत. म्हणून तिने जायला नको. आता आमच्यातल्या कोणीही कुठेही जायला नको. ताईला दुसऱ्या गावी चांगली नोकरी चालून आली आहे. बाबा आनंदात आहेत. जाऊ नकोस, हे ताईला कसं सांगायचं, याचा मी विचार करते आहे.

ताईच्या डावीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. मी ताटाकडे बघत राहिले. बाबांनी त्या बाजूला बघून, "दमलीस का?" असं विचारलं. आई वाढत होती. मला फक्त टेबलाची कड दिसत होती आणि ॲप्रनची एक नाडी.

मग ताईने, काय मनात आलं कोण जाणे, कितीतरी दिवसांनी मालकांचा आवाज काढला.

"एवढी बटणं लावता बायांनो, मग माझ्याच शर्टाचं का नाही लावत?"

आणि ती थांबली. डावीकडे मान वळवून.

"आधी पोट आत घ्या, मग लावतो!"

आवाज घोगरा होता.

बाबांना हसता हसता ठसका लागला. आई म्हणाली, "काय बाई तरी तुम्ही दोघी." ताई तर इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला असं हसताना मी शेवटचं कधी पाहिलं होतं ते मला आठवेना, आणि ते पाहून मलाही हसू आलं. खरंच आलं.

तेवढ्यात टेबलाखाली कोणीतरी माझा हात हातात घेतला. बोटं एकेक करून सरळ केली. आणि माझ्या तर्जनीच्या खालच्या पेरावर आपला अंगठा ठेवला. पहिलं पेर स्वतःचं.